लातूर ते वाडीबंदर बिल्टी: संग्रहालयातल्या एका कागदासाठी जाणकारांची मदत हवी

गंजगोलाई

मंडळी, आमच्या भागातल्या एका छोट्या स्थानिक इतिहास संग्रहालयात एक कागद काचेच्या चौकटीत टांगलेला आहे. खाली फलक: "जुनी रेल्वे पावती, निजामकाळ". बस. शेजारच्या अडकित्त्यांना आणि दिवट्यांना चांगला परिच्छेदभर मजकूर आहे, या कागदाला चार शब्द. माझ्या मते त्या दालनातली ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे आणि तिची ही अशी बोळवण बघवत नाही, म्हणून धागा काढतोय.

कागद असा आहे. बार्शी लाइट रेल्वेचा छापील इंग्रजी फॉर्म, रकाने जांभळट पेन्सिलीने भरलेले. पाठवण्याचं स्टेशन लातूर, पोचण्याचं मुंबईचं वाडीबंदर, मार्गे कुर्डुवाडी. माल जवस, ८० पोती, वजन १६० मण. घेणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव नाही, नुसतं 'सेल्फ'. भाड्यापुढे 'टु पे'. कोपऱ्यात आडवं 'ओ. आर.' आणि त्याखाली 'एस. डब्ल्यू. ए.' अशी अक्षरं. साल नेमकं घडीवर आलंय. १९३ वाचता येतं, पुढचा आकडा झिजून गेलाय.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने काढलेली ही अडीच फुटी रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. कुर्डुवाडी स्टेशनाला सुरुवातीला 'बार्शी रोड' म्हणत. लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. म्हणजे हा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणि एका रुंदीच्या रुळांवरून दुसऱ्या रुंदीच्या रुळांवर गेला. लातूरची बाजारपेठ मोठी झाली ती याच गाडीमुळे. १६ रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईतल्या व्यापाराचा पुरावा म्हणून बोट ठेवावं असा हा कागद आहे.

फलक नव्याने लिहून द्यायला संग्रहालयाचे काका तयार आहेत. पण मला ती अक्षरं लागत नाहीत, आणि कागद चौकटीत पुठ्ठ्याला चिकटून असल्याने मागची बाजू दिसत नाही. रेल्वेत काम केलेलं कुणी, आडत-दुकानाची माहिती असलेलं कुणी, कायदा जाणणारं कुणी असेल तर कृपया लिहा.

मालबाबू_निवृत्त

गंजगोलाई, धाग्याबद्दल आभार. माझी सगळी नोकरी गुड्स शेडात गेली, त्यामुळे राहवलं नाही.

'एस. डब्ल्यू. ए.' म्हणजे सेंडर्स वेट ॲक्सेप्टेड. पाठवणाऱ्याने जे वजन सांगितलं ते लिहून घेतलं, स्टेशनाच्या काट्यावर पोती चढवली नाहीत. पुढे वजनावरून तंटा झाला तर ही तीन अक्षरं रेल्वेच्या बाजूने उभी राहतात. 'ओ. आर.' म्हणजे ओनर्स रिस्क, जोखीम मालकाची. 'टु पे' म्हणजे भाडं लातूरला भरलेलं नाही, वाडीबंदरला माल सोडवणारा भरेल. ८० पोत्यांना १६० मण म्हणजे पोत्याला २ मण, हा हिशेब ठीक बसतो. रेल्वेचा मण ४० शेरांचा, आजच्या मापात ३७.३२ किलो. म्हणजे माल जवळजवळ ६ टन.

आता महत्त्वाचं. बुकिंगच्या वेळी एकच कागद फाडत नसत. कार्बन घालून एकाच मजकुराच्या अनेक प्रती होत. एक प्रत स्टेशनाच्या दप्तरी राही, एक पाठवणाऱ्याला मिळे, एक इनव्हॉइस म्हणून मालाबरोबर पोचण्याच्या स्टेशनाला जाई, एक हिशेब खात्याला. तुमच्या काचेत यातली कुठली आहे? प्रतीचं नाव फॉर्मवर छापलेलं असतं, तेवढं नीट बघा.

हे विचारायचं कारण असं. पाठवणाऱ्याची प्रत, जिला आपण आर. आर. (रेल्वे रिसीट, म्हणजे रसीद) किंवा बिल्टी म्हणतो, ती पोचण्याच्या स्टेशनावर जमा करावी लागे. ती दिली की माल मिळे आणि कागद रेल्वेच्या दप्तरात जाई. मग वाडीबंदरला जमा व्हायला हवी होती ती बिल्टी लातूर भागातल्या घरात कशी राहिली? स्टेशनाची दप्तरी प्रत असेल तर रद्दीतून बाहेर आली म्हणता येईल. खरी बिल्टी असेल तर या ८० पोत्यांचं काहीतरी वेगळं घडलंय.

जवसाची_चटणी

बाप रे, काका! हे डोक्यातच आलं नव्हतं. वाचतेय.

आडतदाराची_नात

आमची पेढी लातूरला होती, आजोबांच्या आणि पणजोबांच्या वेळी. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि वह्यांत पाहिलेलं लिहिते.

'सेल्फ' लिहिणं ही रोजची रीत होती. मुंबईच्या आडत्याचं, म्हणजे कमिशनवर माल विकणाऱ्याचं, नाव थेट घातलं तर माल पोचताच तो सोडवून घेईल आणि पैशाची वाट बघत बसावं लागेल. म्हणून माल स्वतःच्याच नावावर लावायचा. मग त्या आडत्यावर हुंडी, म्हणजे इतके पैसे चुकते करावेत अशी चिठ्ठी, लिहायची, बिल्टी तिला जोडायची आणि दोन्ही सराफाकडे किंवा बँकेत द्यायची. किमतीचा मोठा हिस्सा तिथल्या तिथे हातात पडायचा. हंगामात हे पैसे लगेच लागतात, कारण सकाळी गंजात आलेल्या शेतकऱ्याला संध्याकाळी रोख मोजून द्यायची असते. कागद टपालाने पुढे जायचा, माल मागून. मुंबईचा आडत्या हुंडी चुकवी, बिल्टी ताब्यात घेई, वाडीबंदरला जाऊन माल सोडवी. माल अजून वाटेत असतानाच भाव चढला तर तो तीच बिल्टी पाठीवर सही करून तिसऱ्याला विकूही शके. जवस रेल्वेच्या डब्यात पडलेलं असायचं आणि त्याचा धनी मुंबईत बदलायचा.

अजून एक. लातूरला शेतकऱ्याला द्यायचा पैसा हाली, म्हणजे निजामाचा रुपया. मुंबईहून येणारा पैसा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. साधारण ७ हालीला ६ कलदार असा भाव. आमच्या वह्यांत दोन्हींचे रकाने शेजारी शेजारी आहेत आणि वटाव, म्हणजे नाणं बदलण्यातला फरक, निराळा धरलेला आहे. शिवाय संस्थानाबाहेर माल न्यायचा म्हणजे करोडगिरीचा, निजामाच्या जकात खात्याचा, कागद वेगळा. बिल्टी कधीच एकटी नसे. हुंडीची नक्कल, करोडगिरीची पावती, मुंबईच्या आडत्याची विक्रीच्या हिशेबाची पट्टी, एखादं पोस्टकार्ड असं सगळं एका सुतळीत बांधून ठेवत. संग्रहालयाने त्या गठ्ठ्यातला एकच कागद काढून लावला असणार. बाकीचा गठ्ठा कुठाय, हे आधी विचारा.

काळा_कोट

आडतदाराची_नात यांनी व्यवहार अचूक मांडलाय. कायद्याची बाजू अशी.

बिल्टी हातात असणं म्हणजे मालावर हक्क असणं, हे व्यापारी आधीपासून मानत होते. न्यायालयं हळूहळू मानू लागली. १९१६ मध्ये मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, रेल्वे रसीद हा मालाच्या मालकीचा दस्त आहे असं धरलं. १९३० च्या माल विक्री कायद्यात तर व्याख्येतच बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाजी मालाच्या रसिदीच्या, पंगतीत रेल्वे रसीद बसवलेली आहे. लातूर संस्थानात असलं तरी माल सुटणार मुंबईत, ब्रिटिश हिंदुस्थानात, त्यामुळे तिथे हाच कायदा लागू.

ठाण्याचं एक प्रकरण या संदर्भात वाचण्यासारखं आहे. १९४९ मध्ये ठाण्याहून दिल्लीजवळच्या ओखल्याला मेन्थॉलच्या खड्यांच्या सहा पेट्या 'सेल्फ' म्हणून पाठवल्या गेल्या. पाठवणाऱ्याने रसिदा एका बँकेच्या नावे पाठीवर सही करून दिल्या आणि २०,००० रुपये उचलले. पेट्या आल्या तेव्हा त्या पाठवलेल्या नव्हेतच असं म्हणून बँकेने त्या घेतल्या नाहीत. दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये बहुमताने निकाल लागला: रसीद तारण म्हणून घेतलेल्या बँकेलाही रेल्वेवर दावा लावता येतो. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी त्यात व्यापाराला पैसा पुरवण्यासाठी रेल्वे रसीद कशी वापरली जाते याचा सविस्तर विचार केला आहे. लातूरच्या पेढीवर रोज जे चालत होतं तेच.

ओनर्स रिस्कबद्दल थोडं. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७२ व्या कलमाखाली रेल्वेला जबाबदारी कमी करून घ्यायची तर पाठवणाऱ्याकडून ठराविक नमुन्यात 'रिस्क नोट' लिहून घ्यावी लागे. फॉर्म ए कच्च्या बांधणीच्या किंवा आधीच खराब दिसणाऱ्या मालासाठी. फॉर्म बी कमी भाड्यात माल पाठवायचा असेल तर. भाडं वाचवायचं म्हणून व्यापारी बी वर सही करत आणि नुकसान झालं की हात चोळत बसत, अशा दाव्यांनी त्या काळचे निकालसंग्रह भरलेत. १९४९ मध्ये कायदा बदलला आणि रिस्क नोटची ती पद्धत गेली.

कुर्डुवाडीचा

माझ्या घराण्यातले लोक कुर्डुवाडीच्या शेडात हमाली करायचे. कागदावर 'मार्गे कुर्डुवाडी' हे दोनच शब्द आहेत, पण त्यामागचं काम कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

बार्शी लाइटचा रूळ २ फूट ६ इंच, जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा ५ फूट ६ इंच. लातूरचा डबा पुढे जाऊच शकत नव्हता. प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून काढून पाठीवर घेऊन मोठ्या डब्यात टाकायचं. एका पोत्याचं वजन दोन मण, वर मालबाबू काकांनी हिशेब दिलाच आहे, म्हणजे ७५ किलोच्या आसपास. लोखंडी आकडा लावून ओढलं की तागाचं सूत तुटतं, आणि जवस इतकं गुळगुळीत की बोटभर भोक पडलं तरी धार लागते. शेडातल्या बायका झाडून गोळा करायच्या. लातूरला ८० पोती चढली आणि मुंबईला ८० च उतरली तरी वजनात तूट यायची, आणि ती कुठल्या रेल्वेवर झाली यावरून दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवायच्या. फलक लिहाल तेव्हा त्यात हमालांचा उल्लेख असू द्या एवढीच विनंती.

काळा_कोट

कुर्डुवाडीचा, तुमची विनंती रास्त आहे, माझाही आग्रह राहील. आणि दोन कंपन्यांच्या वादाला कायद्यात उत्तर होतं. त्याच १८९० च्या कायद्याच्या ८० व्या कलमाप्रमाणे असा एकाच रसिदीवर पुढे जाणारा माल हरवला तर ज्या रेल्वेकडे माल सोपवला तिच्यावर, किंवा ज्या रेल्वेच्या हद्दीत तो हरवला तिच्यावर, दावा लावता येई. पण ७७ व्या कलमाप्रमाणे माल सोपवल्यापासून ६ महिन्यांत लेखी मागणी केली नाही तर हक्क बुडे.

कागदवेडी

मी जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. इतिहास बाजूला ठेवून तातडीचं सांगते.

'जांभळट पेन्सिल' वाचून धस्स झालं. ती कॉपिंग पेन्सिल असणार. तिच्या शिशात रंग मिसळलेला असतो, पाणी लागलं की तो गडद जांभळा होऊन पसरतो. ओल्या फडक्याने, ओल्या कापसाने, कशानेही कागद पुसू नका. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर चौकट आजच उतरवा. हा रंग उजेडानेही उडतो. खिडकीसमोर टांगायचं नाही, दिवा ५० लक्सच्या वर नको. मागचा पुठ्ठा साधा असेल तर त्यातलं आम्ल कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतंय. सेलोटेप लावलेली असेल तर स्वतः ओढून काढू नका.

मूळ कागद पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, दोन्ही बाजू दिसतील. दालनात चांगल्या प्रतीची छापील नक्कल लावा आणि मूळ कागद अंधाऱ्या, कोरड्या कपाटात. लोक नकलेला नाक मुरडतात, पण मूळ कागद उडून गेल्यावर दाखवणार काय?

खामगावकर

छान धागा. एक विचार मांडतो, पटला नाही तर सांगा. बिल्टी म्हणजेच माल, हे जरा ताणलं जातंय असं वाटतं. आमच्याकडे जलंब-खामगाव फाटा १८७० मध्ये झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला होता, तो कापसासाठीच. त्या बाजारात बिल्टी हरवली म्हणून कापूस सडला नाही. बिल्टीशिवायही माल सुटायचा. मग फलकावर 'हा कागद ज्याच्या हातात त्याचा माल' असं लिहिणं योग्य होईल का?

मालबाबू_निवृत्त

खामगावकर, सुटायचा, पण कसा ते बघा. इंडेम्निटी बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यावं लागे: पुढेमागे कुणी बिल्टी घेऊन उभा राहिला तर भरपाई माझी. त्यावर जामीन, त्यावर स्टेशनमास्तरची खात्री. अनोळखी माणसाला बिल्टीशिवाय कुणी माल देत नसे. कोऱ्या आर. आर. ची पुस्तकंही आम्ही कुलपात ठेवायचो, नंबर मोजून ताब्यात घ्यायचो, मोजून द्यायचो. एक पान गहाळ झालं तर चौकशी लागे. त्या पानावर खोटा माल लिहून बँकेतून खरे पैसे उचलता येतात, म्हणून ही काळजी. पावतीसाठी एवढं कुणी करत नाही.

खामगावकर

कोऱ्या पानाचा मुद्दा वजनदार आहे. तरी फलकावर बाँडचा उल्लेख असावा असं मी म्हणेन.

गंजगोलाई

मंडळी, संग्रहालयात जाऊन आलो. कागदवेडी ताईंचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला, त्यांनी लगेच चौकट उतरवली. सेलोटेप नव्हती, कागद चार कोपऱ्यांना खळीने टेकवलेला होता आणि खळ वाळून सुटलेलीच होती. आम्ही टेबलावर पांढरं कापड घालून कागद पालथा केला.

पहिलं म्हणजे ही पाठवणाऱ्याचीच प्रत आहे, फॉर्मवर तसं छापलेलं आहे. मागे बारीक इंग्रजी छपाईत अटी. खालच्या अर्ध्या भागात काळ्या शाईने मोडीत दोन ओळी, त्यांच्याखाली वेगळ्या हाताची एक ओळ आणि एक गोल रबरी शिक्का, इतका फिसकटलेला की कडेची रेघ तेवढी दिसते. वाडीबंदरला माल दिल्याचा शिक्का कुठेही नाही.

अटींतली एक मराठीत देतो: घेणाऱ्याने ही रसीद पोचण्याच्या स्टेशनावर परत द्यावी, स्वतः येत नसेल तर ज्याला माल द्यायचा त्याचं नाव पाठीवर लिहून द्यावं, रसीद हजर केली नाही तर हक्कदार माणूस हमीपत्र देईपर्यंत रेल्वे माल रोखू शकेल. खामगावकर आणि मालबाबू काका, तुम्हा दोघांचं बोलणं या एकाच अटीत आहे.

मोडीच्या ओळींचा फोटो खाली जोडलाय. मूळ व्यक्तींची नावं झाकली आहेत, घरच्यांची परवानगी अजून घ्यायची आहे.

बोरूबहाद्दर

मोडी वाचतो. पहिल्या दोन ओळी: "सदरहू माल ऐसी पोती यांसी द्यावा", मधे तुम्ही झाकलेलं नाव, शेवटी "सही दस्तुरखुद्द". 'ऐसी' म्हणजे ८०. खालची ओळ दुसऱ्याच्या हातची, तीही सहीच, पण वळण मोडीचं नाही, मारवाडी पेढ्यांवरच्या महाजनी लिपीचं दिसतं. ती वाचणारा माणूस निराळा शोधा. एवढं नक्की की कागद एकदा तरी हस्तांतरित झालाय.

काळा_कोट

म्हणजे बिल्टी पाठीवर सही होऊन पुढे गेली, तरी वाडीबंदरला जमा झाली नाही. मला तीन वाटा दिसतात. टपालात किंवा पेढीवर ती गहाळ झाली, माल हमीपत्रावर सुटला आणि कागद नंतर सापडला. किंवा माल मुंबईला पोचायच्या आधी पाठवणाऱ्याने परत मागवला किंवा दुसरीकडे वळवला. किंवा माल पोचलाच नाही, आणि रेल्वेवरच्या मागणीचा आधार म्हणून कागद जपून ठेवला. तिसरी वाट असेल तर गठ्ठ्यात ६ महिन्यांच्या आतल्या तारखेचं रेल्वेला लिहिलेलं पत्र किंवा त्याची नक्कल असायला हवी. तिथे 'रिस्क नोट बी' चा उल्लेख आला तर मागणीचं पुढे काय झालं असेल याचा अंदाज करता येईल.

आडतदाराची_नात

गंजगोलाई दादा, कागद देणाऱ्या घरी जाल तेव्हा नकलवही आणि रोजमेळ मागा. नकलवहीत पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल असते. रोजमेळात त्या दिवशी हुंडीचे पैसे जमा झाले का ते दिसेल, आणि पुढे कधी 'हुंडी परत' असा खर्च पडला असेल तर आडत्याने ती स्वीकारली नाही हे कळेल. मग मोडीखालच्या दुसऱ्या सहीचा अर्थही लागेल: सराफाने पैसे परत मिळाल्यावर बिल्टी उलट सही करून माघारी दिली असेल. ही माझ्या मते चौथी वाट, आणि पेढ्यांवर ती दुर्मिळ नव्हती. आमच्या घरच्या वह्या १९३० नंतरच्या बऱ्याच आहेत. त्या पेढीचं नाव मला खासगी निरोपात कळवा, आमच्या खात्यात निघतंय का बघते.

गंजगोलाई

ताई, निरोप पाठवलाय. घरच्यांशी बोलणं झालं. गठ्ठा अजून त्यांच्या माळ्यावर आहे, लाल कापडात बांधलेला, आणि तो संग्रहालयाला द्यायची तयारी आहे. येत्या रविवारी काका आणि मी जातोय. फलकाचं काम तोवर थांबवलंय. नव्या फलकात कुर्डुवाडीचे हमाल, हाली-कलदार आणि हमीपत्र हे तिन्ही येणारच, आणि चौकट दोन्हीकडून दिसेल अशी करायचं काकांनी सुताराला सांगितलंय, आत नक्कल राहील.

मालबाबू_निवृत्त

जाताय तर एक ऐका. गठ्ठा सोडायच्या आधी बांधलेल्या स्थितीत फोटो घ्या, मग एकेक कागद काढताना त्याच क्रमाने पाठीमागे पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, आकडा घाला. कुठला कागद कुठल्याला लागून होता हे एकदा मोडलं की परत जुळत नाही. बिल्टीच्या डोक्यावर इनव्हॉइस नंबर असेल, तो चिठ्ठीवर लिहून बरोबर न्या. रेल्वेशी झालेल्या पत्रव्यवहारात मालाचा उल्लेख त्या नंबरानेच करतात, नाव नसलं तरी नंबर असतो. इंग्रजीतलं टाइप केलेलं पत्र सापडलं तर आधी तो नंबर शोधा.

कागदवेडी

आणि लाल कापडाचा रंग कागदांना लागला असेल तर ते कापड वेगळं ठेवा, टाकू नका. माळ्यावर कसर असणार, म्हणून गठ्ठा थेट संग्रहालयाच्या कपाटात नेऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आणि पिशवीत भुकटी पडतेय का ते रोज बघा.